मेजरबाईंची तारीख

मित्रांनो, हसू नका. आकाराने बोराएवढा दिसतो, म्हणून मला कोणाच्या कोटाचं गळून पडलेलं बटण समजू नका. मी फौजेतला मेजरचा बिल्ला आहे. ओकच्या पानाच्या घाटाचा, अंग पितळेचं, वर सोन्याचं पाणी, आणि पाठीला दोन टोकदार काटे. तुमच्यातल्या पुष्कळ जणांच्या आजोबांपेक्षा मी वयाने मोठा आहे आणि मी जे सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं असतं.

माझा जन्म ऱ्होड आयलंडमधल्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यावर ठसा आदळायचा आणि आम्ही पानं टपाटप टोपलीत पडायचो. माझ्या वेळी तो ठसा इतक्या जोरात आदळला, की शेजारच्या तीन गावांतल्या घड्याळांचे लंबक जागच्या जागी थांबले, असं मी ऐकलंय. कोणाकडून ऐकलं ते विचारू नका.

कारखान्यातच मला आयुष्यातला पहिला अपमान सोसावा लागला. पलीकडच्या टोपलीत चांदीची पानं होती. तीच नक्षी, तोच देठ. मला वाटलं, ही आमची गरीब भावंडं असावीत. तर कळलं, ती लेफ्टनंट कर्नलची, म्हणजे माझ्याहून एक पायरी वरची! अख्ख्या जगात सोनं चांदीच्या डोक्यावर बसतं. फक्त आमच्या फौजेत चांदी सोन्याच्या डोक्यावर बसते. तेव्हापासून मी चांदीशी फारसं बोलत नाही.

पुढे मी मिसूरी नदीकाठच्या वॉलर्स क्रॉसिंग या गावी आलो, ग्रोव्हर टीनेस नावाच्या मेजरच्या टोपीवर. तिथली पलटण राखीव फौजेतली, पूल बांधणाऱ्यांची. ही माणसं एरवी मका पिकवतात, ट्रक हाकतात, शाळेत शिकवतात. महिन्यातून एकदा गणवेश चढवून कवायत करतात. आणि नदी खवळली की सगळं टाकून धावतात. टीनेसच्या टोपीवर मी दिमाखात चमकलो. लोक म्हणायचे, “मेजर दिसायच्या आधी पान दिसतं!” मग त्याला बढती मिळाली, टोपीवर चांदी आली, आणि मी पडलो त्याच्या मासेमारीच्या डब्यात, गळाला आमिष म्हणून लावायच्या रबरी बेडकांच्या शेजारी.

वर्षानुवर्षं मी तिथे होतो. नाही म्हणायला एकदा म्हाताऱ्याने चष्मा घरी विसरून मलाच गळाला बांधलं. असा काही मासा लागला, की त्याने होडीसकट आम्हाला दोन तालुके पलीकडे ओढत नेलं आणि वेगमर्यादा मोडली म्हणून पोलिसांनी टीनेसला दंड केला. पण कौतुक झालं ते माशाचं. मला पुसून पुन्हा बेडकांकडे धाडलं.

त्या डब्यातून मला बाहेर काढलं ते पुराने. त्या वसंतात नदीने बर्फासकट गावावर चाल केली. बांधावर वाळूची पोती रचणाऱ्या शेकडो माणसांना हुकूम देत होती कॅप्टन मार्ला होलेचेक. एरवी ती तालुक्याच्या रस्त्यांची आणि पुलांची इंजिनियर. तिचा बाप डॉल्फ, याच पलटणीतला निवृत्त सार्जंट, वेल्डिंगचं दुकान चालवणारा. तोही पोती वाहत होता. निवृत्त कर्नल टीनेस होडीतून आला, चिखलातून वर चढला आणि म्हणाला,

“मार्ला, टोपी काढ.”

“का? डोक्यात किती पाणी शिरलंय ते मोजायचंय का, सर?”

“राज्यपालांचा हुकूम आलाय. या घडीपासून तू मेजर. माझ्याकडे दुसरा बिल्ला नाही, हा जुनाच घे. माशांचा वास येईल जरा.”

त्याने चिखलाच्या बोटांनी माझे काटे तिच्या टोपीत रुतवले. डॉल्फने खांद्यावरचं पोतं खाली टाकलं.

“म्हणजे आता घरात मी सार्जंट आणि ही मेजर! भांडी कोण घासणार, ते आता हुद्द्याने ठरायचं का?”

“ते कधीच ठरलंय, बाबा. तुम्हीच.”

बांधावरची सगळी माणसं हसली आणि पुन्हा पोती उचलायला वाकली. बांध टिकला. माझ्या तेजाने नदीचे डोळे दिपले आणि ती मागे सरली, हे माझं मत आहे. मार्लाचं मत वाळूच्या बाजूने आहे.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो. राखीव फौज म्हणजे दोन सासवांची सून. एक सासू राज्य, दुसरी देश. राज्याने बढती दिली, की राज्याच्या कामावर बिल्ला लावता येतो. पण देशाच्या दप्तरात मेजर व्हायचं तर देशाच्या राजधानीतून शिक्का यावा लागतो. अशी नावं एकेकटी जात नाहीत, वर्षातून एकदा गठ्ठ्याने जातात. मार्लाचं नाव त्या वर्षीच्या गठ्ठ्यात होतं. तेवढ्यात वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. बांधावर उभी मार्ला, आणि टोपीवर मी, सूर्यासारखा! धाकट्या सासूच्या अंगणातली हौस थोरल्या सासूने पाहिली. राजधानीतल्या कार्यालयात कोणीतरी म्हणालं, “आमचा शिक्का नाही, आणि हिने पान लावलंच कसं?” नाव गठ्ठ्यातून बाजूला काढलं आणि चौकशीला एक अधिकारी पाठवला.

हा अधिकारी नॉरिस पेल्टियर. लांब चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. गावाने त्याला कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खाऊ घातले. आमच्या गावातल्या झेक लोकांच्या घरी पाहुणा कोलाचे खाल्ल्याशिवाय खुर्चीवरून उठूच शकत नाही, मग तो चौकशीला आलेला का असेना. त्याने सगळ्यांना प्रश्न विचारले आणि डॉल्फने त्याला त्याहून जास्त विचारले. शेवटी पेल्टियर म्हणाला, “काम राज्याचं, हुकूम राज्याचा. बाईंची काही चूक नाही. मी आठवड्यात तसं कळवतो.” आणि खरंच कळवलं.

पण तोवर गठ्ठा शिक्क्यासाठी निघून गेला होता. निर्दोष ठरलेलं नाव परत आत घालायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ते गेलं पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यातून. मार्ला मेजर झाली, पण तारीख पडली वर्षभर उशिराची.

तुम्ही म्हणाल, एक वर्ष इकडे काय, तिकडे काय! अहो, फौजेत तारीख म्हणजे रांगेतली जागा. मेजर म्हणून ठरावीक वर्षं झाली, तरच लेफ्टनंट कर्नलसाठी निवड मंडळासमोर नाव जातं. आणि एकूण नोकरीची मर्यादा भरली, की मेजरला टोपी उतरवून घरी जावं लागतं. खऱ्या तारखेने मार्लाला मंडळासमोर एक संधी मिळत होती. खोट्या तारखेने एकही नाही. पलटणीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नलच होतो, आणि तिला ती पलटण हवी होती. ज्या माणसांबरोबर तिने बांध धरला, त्यांचं नेतृत्व हवं होतं.

फौजेच्या दप्तरातल्या चुका सुधारणारं एक दुरुस्ती मंडळ असतं, त्याच्याकडे तिने अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. चौकशीसाठी नाव रोखल्याची नोंद कार्यालयात नाही; नाव पुढच्या वर्षी गेले, हा कामकाजातला नेहमीचा विलंब आहे; अर्ज नामंजूर.

मार्ला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. मी खुर्चीवरच्या टोपीवरून सगळं पाहत होतो.

“नाव रोखलं तर तसं मला लेखी कळवायचं, हा त्यांचाच नियम आहे,” ती म्हणाली. “त्यांनी कळवलं नाही. आणि आता म्हणतात, कळवल्याचं पत्र नाही, म्हणजे रोखलंच नाही.”

“वा!” डॉल्फ म्हणाला. “चोराने पावती दिली नाही, म्हणून चोरी झालीच नाही!” मग त्याचा आवाज उतरला. “पोरी, राजधानीशी भांडून कोणाचं भलं झालंय? मेजर म्हणून निवृत्त होशील, त्यात काय कमी आहे? जाऊ दे.”

“बाबा, बांध पाझरायला लागला तेव्हा ‘जाऊ दे’ म्हणालात का?”

“तेव्हा पाणी समोर दिसत होतं.”

“मला आत्ताही दिसतंय,” ती म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली उचलली.

खरं सांगू? मी त्या टोपीवर बसून वेगळाच हिशेब करत होतो. ती हरली, तर निवृत्तीपर्यंत मीच तिच्या डोक्यावर. जिंकली, तर चांदी येणार आणि माझं पुन्हा बेडकांशेजारी बस्तान. पण तिचा चेहरा पाहिला आणि मी काटे घट्ट रोवले. म्हटलं, हिला चांदी मिळवून दिल्याशिवाय आपण सुटायचं नाही.

पेल्टियर आता निवृत्त होऊन मिनेसोटात राहत होता. बापलेक दिवसभर गाडी हाकत त्याच्या गावी पोचले, तर तो गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटं टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेला. थंडी अशी, की शिंकेचा आवाज दुसऱ्या दिवशी ऐकू यावा. दारातून आत शिरताना मी काकडून टोपीला दोनदा टोचलो.

पेल्टियरने दोघांना ओळखलं. त्याने शेगडीवरची कॉफी पुढे केली, सगळं ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

“मेजर, मी आता त्या जगात नाही. मी काही लिहिलं, तर जुन्या सहकाऱ्यांना वाटेल मी त्यांच्यावर बोट दाखवतोय.”

“मला कोणाचंही नाव नको, सर,” मार्ला म्हणाली. “तुम्ही आमच्या गावी आला होतात का?”

“आलो होतो.”

“का आलात?”

“तुझं नाव रोखलं होतं म्हणून.”

“आणि तुम्ही काय ठरवलंत?”

बर्फाच्या भोकातली दोरी हलली, तरी पेल्टियरने तिकडे पाहिलं नाही.

“तू निर्दोष होतीस,” तो म्हणाला.

“एवढंच लिहा. जे खरं आहे तेवढंच.”

“आणि कोलाचेची बशी रिकामी केलीत, तेही खरं आहे,” डॉल्फने जोडलं. “ते वाटल्यास लिहू नका.”

लांब चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. पण शपथेवर लिहायचं तर नोटरी हवी. तळ्याकाठी गळाचं आमिष विकणारी एक बाईच तिथली नोटरी होती. तिने हात पुसले, जिवंत मासोळ्यांची बादली बाजूला सारली, आणि पेल्टियरच्या सहीखाली शिक्का मारला. इतका सरळ शिक्का राजधानीत कोणी मारला नसेल.

घरी येऊन मार्लाने दुसरा अर्ज लिहिला. पहिल्या अर्जात तिने बरंच काही समजावलं होतं. या वेळी तिने सगळं खोडून मोजक्या ओळी ठेवल्या, आणि डॉल्फला मोठ्याने वाचून दाखवल्या.

“माझं नाव चौकशीसाठी रोखलं असेल, तर निर्दोष ठरल्यावर मूळ तारीख परत द्यावी, असा नियम आहे. नाव रोखलंच नव्हतं, असं कार्यालयाचं म्हणणं असेल, तर मग ते त्या वर्षीच्या गठ्ठ्यात असायलाच हवं होतं. दोन्ही वाटांनी आपण एकाच तारखेला पोचतो. ती तारीख मला द्यावी.”

डॉल्फने मिशी चोळली. “आता यांना पळायला जागा कुठे आहे?”

“नाहीच आहे,” मार्ला म्हणाली.

मित्रांनो, धीर धरणं म्हणजे काय, ते मी त्या महिन्यांत पाहिलं. निवड मंडळाचा दिवस जवळ येत होता. मार्ला रोज पूल तपासायला जायची, कवायतीला यायची, माणसांना त्याच कडक आवाजात हुकूम द्यायची. चार दिवस गेले की राजधानीत फोन करून शांतपणे विचारायची, “माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे?” पलीकडचा माणूस वैतागायचा. ही वैतागायची नाही. पुढे पुढे तो माणूस तिचा आवाज ऐकताच स्वतःहून टेबलाचा पत्ता सांगू लागला.

निकाल आला तेव्हा ती एका खचलेल्या रस्त्यावर कामगारांबरोबर उभी होती. तिने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि डॉल्फला फोन लावला.

“बाबा, दुरुस्त केली.”

“कितीने?”

“पूर्ण. पहिल्याच गठ्ठ्याची तारीख.”

पलीकडून नुसतं वेल्डिंगच्या यंत्राचं गुणगुणणं ऐकू आलं. सार्जंट लोक रडत नाहीत, पण यंत्र बंद करायला विसरतात.

तिचं नाव मंडळासमोर गेलं आणि निवडलं गेलं. पलटण तिच्याकडे आली. तिने स्वतःच्या हाताने मला टोपीवरून काढलं, अंगठ्याने पुसलं, आणि माझ्याच काट्यांच्या भोकांत चांदीचं पान बसवलं. मी त्या चांदीला म्हटलं, “सांभाळून बस. ही जागा भांडून मिळवलेली आहे.” आयुष्यात पहिल्यांदाच मी चांदीशी आपणहून बोललो.

आता मी तिच्या कचेरीतल्या टेबलावर असतो. तिथे तरुण अधिकारी येतात. कोणाचं नाव मागे राहिलेलं असतं, कोणाची नोंद चुकलेली असते. ते उभ्याउभ्याच सांगतात आणि शेवटी खांदे उडवून म्हणतात, “पण ठीक आहे मॅडम, जाऊ दे.”

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा, असं मी सांगणार नाही. पितळेवरचा हिरवा थर लिंबाने निघतो. ‘जाऊ दे’चा थर माणसावर चढला, की कशानेही निघत नाही. म्हणून एवढंच मागतो. कोणी आपली हक्काची जागा मागत असेल, तर त्याला चिवट, भांडखोर म्हणून हसू नका. मार्ला करते तसं करा. खुर्ची पुढे ओढा, त्याला बसवा, कोरा कागद समोर ठेवा, आणि विचारा,

“बोल, कुठल्या तारखेपासून?”