हा घास कुणाचा

पुरी तेलात सोडून तिनं झाऱ्यानं हलकेच दाबली आणि मागे वळून पाहिलं. भोपळी टेबलाखाली बसली होती. हातात सकाळचंच बिस्कीट, तेही नुसतं चोखून ओलं केलेलं.

भोपळी हे नाव घरी, आपल्या देशात पडलं होतं, तिला उचलून घ्यायचं तर दोन्ही हात भरून जायचे तेव्हा. परदेशी आल्यापासून तीन वर्षांची ही पोर दूध आणि बिस्किटांवर दिवस काढत होती. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिचे फ्रॉक दोनदा आत घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी तर वजनकाट्याकडे बघत स्पष्टच सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला काटा वर सरकला नाही, तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.

"घासाला नाव देतेस ना गं?" सासूबाईंनी सकाळीच फोनवर विचारलं होतं. "माझ्या नावाचा घास तिनं कध्धी टाकला नाही."

ती देतच होती नावं. आजीचा घास, काकाचा घास, आत्याचा घास. घरी सगळे जेवायला बसले, की भोपळी याच नावांवर या ताटाकडून त्या ताटाकडे फिरायची. इथे तीच नावं ऐकली की ओठ मिटून दाराकडे बघत राहायची.

"हिचं हे असं चाललंय, आणि सण कसला करायचा?" असं तिनं नवऱ्याला म्हणूनही बघितलं होतं.

"पाहुण्यांना काय कळवू मग? आमची मुलगी जेवत नाही, तेव्हा तुम्हीही जेवू नका?"

पाहुणे दोनच. शिंपीणबाई, आणि नवरा रोज ज्या बसनं कामावर जातो तिचा ड्रायव्हर. ते दोघे आणि हे घर, तिघांचे देश तीन, आणि आपसात बोलायची ती चौथ्याच मुलखाची भाषा. त्यामुळे सगळेच सारखे अडखळायचे, आणि कुणालाच कुणाची लाज वाटत नसे. भोपळीसाठी तिनं एकीला मावशी आणि दुसऱ्याला मामा करून टाकलं होतं.

मामा दारातून वाकून आत आला, जेवायला बसला, आणि पहिली पुरी फोडून आत डोकावला.

"यात काय भरलंयस?"

"काही नाही. वाफ असते नुसती."

"म्हणजे मी हवा खातोय? मग अजून चार वाढ."

शिंपीणबाईंनी शेजारची खुर्ची ओढली. "तूही बस आता."

"मी मागाहून बसते. वाढायला कोण आहे?"

"बसलीस तर शिवण उसवेल का कुठे?"

ती हसली, पण बसली नाही. तिचं जेवण असंच असे; सगळ्यांचं झालं, भांडी आवरली, की ओट्याशी उभ्यानं चार घास. आत्ताही वरणभाताची वाटी घेऊन ती भोपळीपाशी गेली. नवऱ्यानं पोरीला टेबलाखालून काढून मांडीवर घेतलं होतं.

"हा घास आजीचा," ती हळूच म्हणाली.

भोपळीनं मान फिरवली.

"तू काय म्हणतेस तिला?" मामानं विचारलं.

तिनं जमेल तसं सांगितलं.

"आणि आजीला पोचतो तो घास?" मामा हसला. "मग माझ्या नावाचाही एक दे. माझं पोट अजून कुठे भरलंय!" असं म्हणून त्यानं मोठा आ केला आणि अख्खी पुरी तोंडात कोंबली.

भोपळी त्याच्या हलत्या गालांकडे बघत राहिली. मग तिचंही तोंड उघडलं.

"हा घास मामाचा," घाईघाईनं वाटीतला घास पुढे करत ती म्हणाली. भात आत गेला. जिभेवर घोळला. गिळला गेला.

टेबलाशी कुणी हललं नाही.

"तिच्याकडे बघू नका," शिंपीणबाई ताटात बघत पुटपुटल्या. "जेवत राहा."

मावशीचा घास गेला. पुन्हा मामाचा गेला. बाबाच्या घासाला मात्र तोंड उघडेना. भोपळी मान वर करून बाबाकडे बघत होती, आणि बाबा हातातला तुकडा हातातच धरून, डोळे भरून लेकीकडे.

"अरे, खा ना तू!" ती दबक्या आवाजात ओरडली.

त्यानं दचकून तुकडा तोंडात टाकला. लगोलग भोपळीनंही आ केला.

वाटी रिकामी झाली, तेव्हा मामा नववी का दहावी पुरी चावत होता. "आता मात्र पुरे," तो कळवळून म्हणाला. "नाहीतर उद्या मी बसच्या दारातून आत जायचो नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. तिनं वाटी भरली, भोपळीला खुर्चीत बसवलं.

"हा घास मामाचा."

भोपळीनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ओठ मिटले.

"हा घास मावशीचा."

तेच. कालचं कालच संपलं की काय? मामाला काय रोज बस थांबवून जेवायला बोलवायचं?

भोपळी आता तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बरं, हा घास आईचा," ती म्हणाली. आजवर हे नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं.

तोंड उघडलं नाही. पण मानही फिरली नाही. भोपळीची नजर तिच्या ओठांवरून ओट्याकडे गेली, तिथे झाकून ठेवलेल्या ताटाकडे, आणि परत तिच्या ओठांवर येऊन थांबली.

तिनं वाटी खाली ठेवली. मग उठून ओट्यावरचं ताट आणलं, लेकीसमोरची खुर्ची ओढली आणि बसली. वरण निवलं होतं. तिनं भात कालवला, घास घेतला आणि चावू लागली.

भोपळीनं आ केला.

तेवढ्यात आत फोन वाजला. या वेळेला सासूबाईच. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. कुणी उठलं नाही. दोघींचीही तोंडं भरलेली होती.