जकातीवर दहा मिनिटं

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात दिवाळीच्या जेवणावरून पुणेकर आणि नागपूरकर असे दोन तट पडले. पुणेकर म्हणाले, बाहेरून जेवण आणणाऱ्या स्टॉलला जादा भाडं लावा, म्हणजे हॉलमध्ये रांधणाऱ्यांचं भलं होईल. बाहेरून जेवण आणणारे नागपूरकर म्हणाले, तुमचा नियम आम्ही मानतच नाही, जा.

अध्यक्ष पद्माकरकाकांनी निवेदिताला फोन केला. ती शाळेत इतिहास शिकवायची.

"अगं, हुबेहूब जुनी अमेरिका! उत्तरेला कारखाने जपायला परदेशी मालावर जकात हवी, दक्षिणेला नको. देश फुटायला आला. मग अठराशे तेहेतीसची तडजोड, जकात हळूहळू उतरवायची. वा! हेच दहा मिनिटं सांग. लोक निवतील."

ती तडजोड घडवणारे अमेरिकेचे सिनेटर निवेदिताला पुरते ठाऊक होते. कोटाची बटणं लावत सलोखा करायचा आणि आपापल्या गावी जाऊन 'आम्हीच जिंकलो' म्हणून मिरवायचं. दक्षिणेचे मळेवाले तर स्वातंत्र्याच्या नावानं गळा काढायचे, आणि त्यांचा कापूस वेचायचे गुलाम. तोच कापूस इथल्या, इंग्लंडच्या गिरण्यांत यायचा. वेचणाऱ्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

"काका, मी गुलामांबद्दलही बोलणार."

"सणाचा दिवस गं! लोक फराळाला येतात."

"मग दुसरं कुणी बघा."

"बरं, बरं. मधेच कुठेतरी, हळूच, एक वाक्य टाक. शेवट मात्र गोड."

काकांनी गुलामगिरीवरच्या बोलण्यातही घासाघीस केली! निवेदिताला हसू आलं. पण या मंडळाशिवाय हॅरोत तिचं होतं कोण? कोणतं वाक्य टाकावं याचा ती विचार करू लागली होती. ते ध्यानात येताच तिला स्वतःचीच शिसारी आली.

दिवाळीला तिनं सुरुवातच मळ्यापासून केली. कापसाच्या बोंडांनी सोललेली बोटं, आईपासून तोडून विकलेली लेकरं. हातातल्या चकल्या हातातच राहिल्या.

"ताई, जकातीचं काय?" मागून नागपूरच्या अजयनं विचारलं.

"येते ना तिथे," ती म्हणाली, आणि आली नाही.

वक्त्याची वेळ संपली की काका आरतीची घंटा वाजवत. ती वाजली.

"अगं, तडजोड राहिली की!"

"राहू दे. तिनं काही मिटलं नव्हतंच. पुढे उत्तर-दक्षिणेत व्हायची ती लढाई झालीच."

टाळी एकही पडली नाही. पुणेकर आपल्या टेबलांशी गेले, नागपूरकर आपल्या, आणि तिला दोघांनीही बोलावलं नाही. निवेदितानं मधलं रिकामं टेबल ओढलं, ताट वाढून घेतलं आणि खुशाल एकटी जेवायला बसली.