चुलीचा पालथा दगड

"त्या दगडाला हात लावू नगा!" ताईबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली, की खड्ड्यात उतरलेला रखमाजी खोरं टाकून मागं सरला.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. शिरूरजवळ घोड नदीच्या काठी पुण्याच्या मंडळींचं उत्खनन चाललं होतं आणि ताईबाई तिथं रोजावर माती चाळायची. पण उत्खननाच्या प्रमुख करंदीकर मॅडमना तिच्या हातांपेक्षा तिची जीभ हवी होती. ताईबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं हिंडण्यात गेलेलं. दुपारी भाकरी सोडली, की मॅडमची वही उघडायची. कोकरू आजारी पडलं तर काय करता? त्या आजाराला काय म्हणता? दौंडकडच्या धनगरांतही तोच शब्द, तीच रीत निघाली, की मॅडम लहान पोरीसारख्या खूश व्हायच्या. जुन्या माणसांनी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून मातीत सापडलेलं आणि या धनगरांच्या तोंडी उरलेलं जुळवून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ताईबाईला हे खूळ वाटायचं, पण मॅडम मनानं चांगल्या होत्या.

आज एक जुनी चूल निघाली होती. दोन दगड उभे, तिसरा पालथा. मॅडमनी वहीत 'विस्कटलेली' असं लिहिलं आणि दगड काढून टाकायला सांगितले.

"का हो, ताईबाई?" त्यांनी आता विचारलं.

ताईबाईनं त्या पालथ्या दगडाकडं बघितलं. सांगावं, तर ही माणसं खाली खणणार. न सांगावं, तर कुण्या आईनं जपून केलेलं काम वहीत कायमचं विस्कटलेलं राहणार.

"इस्कटलेली न्हाई ती," ती शेवटी म्हणाली. "आमच्या घराण्यात तान्हं लेकरू गेलं की चुलीखाली ठिवत्यात. ऊब ऱ्हाती त्याला. मग एक दगड पालथा घालायचा, म्हंजी तिथं परत कुणी रांधत न्हाई."

"तुम्ही पाहिलंय असं?"

"म्या घातलाय दगड. यवतच्या अलीकडं, मेंढरांचा तळ हलवायच्या सकाळी. पोरगी व्हती. नाव ठिवायचं ऱ्हायलं व्हतं. आता तिथं ढाबा झालाय."

"खाली बघावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही नको म्हणालात, तर राहू दे."

"बघा. पर खोरं नगं. म्या काढते माती."

ती खड्ड्यात उतरली आणि बोटांनी माती सारू लागली. वीतभर खाली हाडं लागली, बाजरीच्या काडीएवढी. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

मग फोटोवाला आला. "मावशी, तुमची सावली पडतीय. जरा बाजूला व्हा."

ताईबाईनं पदर दोन्ही हातांनी हाडांवर ताणून धरला. तो पुन्हा बोलला, तेव्हा मॅडमनीच त्याला हातानं थांबवलं.

"ऊन लई हाय," ताईबाई म्हणाली, आणि तशीच ओणवी उभी राहिली.