नाव नसलेली ज्वारी

केदारखेड्याच्या गिरिजाबाईंनी उभ्या आयुष्यात कारल्याला कडू म्हटलं नाही. नवऱ्याचं नाव कडूबा. मग तो शब्द तोंडातून निघणार कसा? त्यांच्या घरी कारलं ‘नको तसं’ लागायचं, आणि शेजारणी पदराआड हसायच्या.

कडूबा जाऊन आठ वर्षं झाली. वीस वर्षं एकेक कणीस निवडून त्यांनी जपलेलं बियाणं गावात ‘कडूबाची ज्वारी’ म्हणूनच पेरतात. ते गेल्यावर वर्षभराने कृषी विद्यापीठाचा एक संशोधक आला आणि पिशवीभर बियाणं घेऊन गेला.

“ह्याचं नाव काय?” त्याने विचारलं होतं.

गिरिजाबाई लाजल्या. “आमच्या ह्यांचं हाये,” एवढंच म्हणाल्या.

आता नात आकांक्षा त्याच विद्यापीठात शिकायला आली होती. गिरिजाबाई तिच्यासोबत आल्या होत्या आणि पालकांना विद्यापीठाची ओळख करून देण्याचा कार्यक्रम चालला होता. एक प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवत होते. एवढे एकर जमीन, एवढी महाविद्यालयं, एवढ्या प्रयोगशाळा. गिरिजाबाईंना ऐकून भारी कौतुक वाटत होतं. तेवढ्यात पडद्यावर ओळखीचं कणीस आलं. टपोरं, मानेत जरासं वाकलेलं.

“नाव नसलेल्या एका गावरान बियाण्यातून आपल्या विद्यापीठाने शोधलेलं वाण!” प्राध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या.

गिरिजाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. नाव नसलेलं? बियाणं नेलं ते नेलं, वर माणूसच पुसून टाकला! गावातल्या शेंबड्या पोरानंही नाव सांगितलं असतं, पण विचारायला वेळ कुणाला होता? आणि आपण तरी काय केलं? लाजत बसलो. स्वतःचाच राग आला, तशा त्या ताडकन उठल्या.

“ओ सायेब, नाव हाये त्याला!”

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. “काय नाव, आजी?” प्राध्यापकांनी हसून विचारलं.

गिरिजाबाईंनी सवयीने पदर तोंडाशी नेला. आकांक्षा पटकन म्हणाली, “मी सांगते, आजी.”

“न्हाई, तू थांब. माझ्या तोंडानं ऱ्हायलं, माझ्याच तोंडानं येऊ दे.” त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “कडूबा.”

“ऐकू नाही आलं.”

“कडूबा! कडूबाची ज्वारी!” ह्या वेळी आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. प्राध्यापकांचं हसू मावळलं.

“मंग लिहा ना जल्दी,” गिरिजाबाई म्हणाल्या. “मी बघून राह्यले.”