तिसरं नाव

बावीस टब, बावीस टबांत चव्वेचाळीस पाय, आणि प्रत्येक टबातलं पाणी डोळ्यांदेखत तपकिरी होत चाललेलं. चोपड्याबाहेरच्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात मांडव घातला होता आणि मांडवाबाहेर ऑक्टोबरच्या उन्हात पाचसहाशे माणसं हातात टोकन धरून उभी होती. कोणी पाय बाहेर काढले की मागचा माणूस आधी टबात वाकून बघायचा. पाणी जितकं घाण, तितका पायांचा मालक खूश.

"देखा रे!" तोताराम आबा ओरडले. सत्तरीचे आबा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून खुर्चीवर बसले होते. "तीस साल कपाशीवर फवारा मारा, तो बठ्ठा आज निंघना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंचावर सागरानंद महाराज हात जोडून हसले. भगवी लुंगी, वर डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्याच जोडीला स्टेथोस्कोप. कोणी देवाला मानणारा येवो की डॉक्टरला, दोघांचीही सोय केलेली होती.

"माझ्या शेतकरी बंधूंनो!" महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला. "तुम्ही केळीवर, कपाशीवर विष फवारता. ते जातं कुठं? तुमच्या अंगात! यकृत आतून हाका मारतं, महाराज, मला सोडवा! आणि उपाय कुठं सापडला? सात हजार मीटर खोल, समुद्राच्या तळाशी! तिथल्या मिठाचा आयन तुमच्या तळपायातून आत शिरतो आणि विषाचा हात धरून त्याला बाहेर घेऊन येतो. पाणी पिवळं, तर किडनी. हिरवट, तर पित्त. तपकिरी, तर फवारणी. आणि काळं झालं तर समजा, कोणी तरी करणी केलीय! पण हे मी बोलत नाही. हे संशोधन बोलतंय!"

मागच्या बाजूला लिंबाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या प्राध्यापिका सुलक्षणा तायडे यांनी सुस्कारा सोडला. बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. टबात बुडवलेली लोखंडी तारेची गुंडाळी, मूठभर मीठ आणि भिंतीकडे गेलेली वायर एवढं बघून त्यांना सगळं कळलं होतं. एका मिनिटाचं काम होतं ते.

पण त्यांना पुढे जावंसं वाटलं नाही. तिशीत असताना त्या गावोगाव फिरल्या होत्या. हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' काढून दाखवलं होतं, नारळातून पेटणारा जाळ दाखवला होता. नशिराबादला एका भगताच्या पोरांनी त्यांच्या स्कूटरची हवा सोडली होती, तेव्हा त्या हसत हसत चार किलोमीटर चालल्या होत्या. आता बावन्न वय झालं होतं आणि हसू येत नव्हतं. एक बाबा उठवला की दुसरा त्याच सतरंजीवर येऊन बसतो. पूर्वीचे निदान मंत्र तरी म्हणायचे. आताचे आयन म्हणतात. आपलीच भाषा चोरून नेलेल्याशी भांडायचं तरी कोणत्या भाषेत, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

त्या आल्या होत्या रुपचंदच्या आग्रहाखातर. रुपचंद त्यांच्या प्रयोगशाळेतला परिचर. एकोणीस वर्षं बाईंचे बीकर धुऊन, काचनळ्या पुसून, प्रॅक्टिकलचं सामान मांडून ठेवणारा सरळ माणूस. तो गर्दीतून वाट काढत आला.

"उन्यात मॅडम! बरं झायं. मन्ही दिपमालाना नंबर लागीच राहिना आते. देखा, तठे बठेल शे."

पुढच्या नंबरच्या खुर्चीवर त्याची अकरा वर्षांची मुलगी मान टाकून बसली होती. ओठ कोरडे पडलेले, आणि छाती जोरजोरात वरखाली होत होती. पळून आल्यासारखी ती श्वास घेत होती. दिपमालाला तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला होता, लहान मुलांना होतो तो. रोज इन्सुलिन टोचावं लागे. बाईंना हे माहीत होतं, कारण पहिली बाटली आणायला रुपचंदबरोबर त्या स्वतः गेल्या होत्या.

"रुपचंदभाऊ, हिला काय झालंय?"

"इंजेक्शन कालपासून बंद करी टाकं ना. बाबानी सांगं, सात दिन पाय बुडाडा, साखर मुळापासून जाई. लई तहान लागी राहिनी तिले. सकाळपासून दोनदा उलटी व्हयनी. बाबा म्हनतस, विष निंघी राहिनं."

बाई तडक पुढे झाल्या. त्या मुलीजवळ वाकल्या. तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता.

"हिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यायचं. उठा!"

"मॅडम, नंबर लागी राहिना…"

"अहो, ते पाणी लोखंडाने तपकिरी होतं! यात काही नाही!"

रुपचंद दोन पावलं जवळ आला. मग अगदी समजुतीने म्हणाला, "मॅडम, तुमी असं का म्हनतस? तठे तुमनंच नाव शे ना. मी वाचं. तुमीच लिखेल शे, मंग मी कसाले घाबरू?"

त्याने मंचामागच्या फलकाकडे बोट दाखवलं. भिंतीएवढ्या फलकावर इंग्रजीतल्या एका शोधनिबंधाचं पहिलं पान छापलं होतं. वर जाड अक्षरांत शोधपत्रिकेचं नाव, जैववैद्यकीय, पर्यावरण आणि सागरी विज्ञानातलं आंतरराष्ट्रीय वगैरे. खाली मथळा, सागरी क्षारांमुळे शरीरातल्या कीटकनाशकांचा निचरा. त्याखाली चार नावं. तिसऱ्या नावाला कोणी तरी लाल गोल काढला होता: सुलक्षणा तायडे, चोपडा.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदोन्नतीसाठी एक निबंध कमी पडत होता. कुठून तरी एका माणसाचा फोन आला, "मॅडम, निबंध तयार आहे, फक्त तुमचं नाव द्या, छपाईची फी भरा." स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. बाईंनी समुद्र पाहिला होता तो एकदाच, कॉलेजच्या सहलीत. तरी त्यांनी नाव दिलं. निबंध आला, त्याचे गुण मिळाले, फाइल कपाटात गेली. त्या तेव्हा मनाशी म्हणाल्या होत्या, हे कोण वाचणार आहे? जे कोणी वाचतच नाही, त्याने कोणाचं काय बिघडणार?

वाचलं होतं. रुपचंदने वाचलं होतं.

तेवढ्यात मंचावरून महाराजांच्या चेल्याने बाईंना ओळखलं आणि महाराजांच्या कानात काही सांगितलं. महाराज आनंदाने उभेच राहिले. "अहो भाग्य! या संशोधनाच्या विदुषी स्वतः आल्यात! शाल आणा! नारळ आणा!"

लोकांनी वाट करून दिली. बाई मंचावर गेल्या. त्या क्षणी खरं एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते त्यांच्या ओठांशी आलंही होतं. पण झाकली मूठ उघडायची त्यांना लाज वाटली. टब उघडा पाडणं सोपं होतं. त्यांनी सोपं निवडलं.

"एका टबात कोणीही पाय घालू नका," त्या माइकवर म्हणाल्या. "नुसतं मीठ आणि तार."

पाच मिनिटांत पायांशिवायच पाणी तपकिरी झालं. गर्दी कुजबुजली. महाराज जराही डगमगले नाहीत. "बघा! तुमच्या हवेतसुद्धा किती विष आहे! टब ते ओढून घेतोय!"

टाळ्या.

"तुमच्या अंगात विष आहे का महाराज?"

"बारा वर्षं साधना केलीय. एक थेंबही नाही."

"मग तुमचे पाय ठेवा."

महाराज खुशाल बसले. चेल्याने कोपऱ्यातल्या फिल्टरच्या जारमधून पाणी ओतलं आणि तार सोडली. पाणी स्वच्छ राहिलं. पाच मिनिटं झाली, तरी तळ दिसत होता. तोताराम आबांनी जयजयकार केला. बाईंनी मात्र चेल्याचे हात पाहिले होते. इतर टबांत त्याने मूठभर मीठ घातलं होतं, या टबात घातलं नव्हतं.

"आबा," त्या तोताराम आबांना म्हणाल्या, "तिकडे खिचडी शिजतेय. मूठभर मीठ आणा. तेच, पुडीतलं, दुकानातलं."

आबा कुतूहलाने गेले, मीठ घेऊन आले आणि महाराज "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ते टबात टाकून दिलं. सगळे वाकले. तारेभोवती बुडबुडे उठले, मग पिवळसर धूर पसरल्यासारखं झालं, आणि बघता बघता बारा वर्षं साधना केलेल्या पायांभोवतीचं पाणी चहासारखं झालं.

"आरे तिन्ही माय!" आबा म्हणाले. "महाराजनी बी कपाशी फवारी वाटतं!"

मांडव हसला. बाईंनी घाईघाईने समजावलं. मिठामुळे पाण्यातून वीज वाहते. वीज वाहिली की तारेचं लोखंड झिजतं. झिजलेलं लोखंड म्हणजे गंज, आणि गंजाचा रंग तपकिरी. त्यांनी एक जुनी तार वर धरली, ती कुरतडल्यासारखी बारीक झाली होती. "हे विष नाही, ही तार आहे. रुपचंदभाऊ, खिळ्याचा आणि मिठाच्या पाण्याचा प्रयोग तुम्ही दरवर्षी माझ्या टेबलावर मांडता ना?"

रुपचंद मंचाच्या पायरीशी उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. मांडलेला होता. एकोणीस वर्षं तोच बीकर, तेच तपकिरी पाणी त्याने मोरीत ओतलं होतं. त्यात कोणाचे पाय नव्हते, म्हणून त्याला आज ते ओळखू आलं नव्हतं.

"पानीनं समजनं मॅडम," तो हळूच म्हणाला. "पन कागद? कागदमा शिकेल लोकेसनी लिखेल शे. खोटं कसं छापाई?"

"बरोबर शे!" मागून कोणी तरी म्हणालं. महाराजांना ही फट पुरली. "टब बिघडेल, शास्त्र बिघडत नाही! छापील आहे!"

तेवढ्यात दिपमाला खुर्चीवरून वाकली आणि तिला पुन्हा उलटी झाली. बाईंनी घड्याळ पाहिलं. मिठाच्या खेळात वीस मिनिटं गेली होती. ही वीस मिनिटं महाराजांनी घेतली नव्हती, त्यांनी स्वतः घेतली होती. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी माइक घट्ट धरला.

"त्या कागदावर माझं नाव आहे. तो कागद मी लिहिलेला नाही. मी तो वाचलेलासुद्धा नाही. कोणी प्रयोग केला, कोणावर केला, केला की नाही, मला काहीच माहीत नाही. बढती हवी होती, म्हणून पैसे भरून मी तिथे नाव घातलं. महाराजांनी तुम्हाला टबाने फसवलं, आणि मी या कागदाने. माझं नाव बघून विश्वास ठेवू नका. छापलंय म्हणून ठेवू नका. कोट बघून ठेवू नका. कोणी केलं, कसं केलं, माझ्यासमोर पुन्हा करून दाखवाल का, असं विचारा. महाराजांना विचारा आणि मलाही विचारा."

मांडवात कोणी हसलं नाही. टाळी तर नाहीच. पुढच्या रांगेतल्या त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीने नजर खाली वळवली, ते बाईंना दिसलं. रुपचंद मात्र थांबला नाही. त्याने मुलीला खांद्यावर घेतलं आणि बाईंकडे न बघता तो रस्त्याकडे धावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई रुपचंदवर कडाडल्या. आणखी उशीर झाला असता तर पोर हाताला लागली नसती, म्हणाल्या. सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. बाई दोन दिवस रोज दुपारी येऊन वॉर्डातल्या बाकावर बसत होत्या. रुपचंद त्यांच्यासाठी चहा आणायचा, पण बोलायचा नाही. सागरानंदांनी त्याच संध्याकाळी टब गोळा केले होते. पोलिसांत तक्रार बाईंनी दिली, पण तोवर एरंडोलकडे नवा मांडव पडल्याचं कानावर आलं. फलकही तोच होता म्हणे. पत्रिकेला 'नाव काढा' म्हणून पाठवलेलं पत्र पत्ता चुकीचा म्हणून परत आलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कशाला उकरता?" बाईंनी आपला लेखी खुलासा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्या निघून आल्या.

तिसऱ्या दिवशी दिपमाला उठून बसली, भूक लागली म्हणाली. बाईंनी रुपचंदला जवळ बोलावलं.

"भाऊ, एक नीट ऐका. हिला इन्सुलिन आयुष्यभर लागणार. मीठ, भस्म, काढा, कशानेही ते सुटणार नाही."

रुपचंदने मुलीचं पांघरूण सारखं केलं. मग विचारलं, "हाई तरी तुमी वाचेल शे ना?"

सुलक्षणाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना राग आला नाही. विचारायचा हक्क त्याचा होता.

"वाचलंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शब्दावर जाऊ नका. सिस्टरकडून साखर मोजायचं यंत्र घ्या. जेवणाआधी मोजा. इंजेक्शन द्या, जेवू द्या, तीन तासांनी पुन्हा मोजा. तुमच्या हाताने."

रुपचंदने मुलीचं बोट धरलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीला लावला. दोनशे अठ्ठ्याण्णव. त्याने तो आकडा तळहातावर पेनाने लिहिला. इंजेक्शन दिलं. मुलगी वरणभात जेवली. तीन तास तो बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. बाई दुसऱ्या टोकाला बसल्या. मग त्याने पुन्हा सुई टोचली. एकशे एकोणऐंशी.

त्याने ते यंत्र उजेडात धरलं, आकडा तळहाताशी ताडून पाहिला, सिस्टरला दाखवला, बाईंना दाखवला.

"उद्या बी मोजसू," तो म्हणाला. "रोज मोजसू. कोनी बी काही सांगो."