मा यिनचा वाटा

पो ल्विन ताडाच्या शेंड्यावर होता. रसाने भरलेली मडकी सोडून तो कमरेला अडकवत होता, तेवढ्यात खाली माणसं जमलेली दिसली. चहावाला को टोक, शेजारची दॉ म्या आणि आणखी दोघंतिघं. एरवी कुणी ताडाखाली आलं की लांबूनच आरोळी देई. आज सगळे गप्प.

"काय रे टोक," तो वरूनच ओरडला, "चहा विकून कंटाळलास वाटतं? सकाळी सकाळी ताडी?"

"हो, हो," को टोक म्हणाला. "तू सावकाश उतर. घाई नाही."

"घाई नाही तर पलीकडची दोन झाडं उरकूनच येतो."

"नको!" दॉ म्या किंचाळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "या ना भाऊ खाली. नीट पाय ठेवून या."

नीट पाय ठेवा, असं त्याला एकच माणूस सांगत असे. ती त्याची बायको, मा यिन. ती दहा दिवसांपूर्वी भाचीच्या बाळंतपणाला मंडालेला गेली होती. पो ल्विन शिडीची एकेक पायरी उतरू लागला. नीट पाय ठेवून उतरला. मडकी जमिनीवर ठेवली. थेंबही सांडला नाही.

मग को टोकने सांगितलं. त्याच्या दुकानात मंडालेहून फोन आला होता. दोन दिवस ताप होता. पहाटे मा यिन गेली.

"कोणती मा यिन?" पो ल्विनने विचारलं. गावात तीन मा यिन होत्या.

को टोकने मडकी उचलून सावलीत नेऊन ठेवली.

बाहेर मेलेल्या माणसाला गावाच्या वेशीआत आणत नाहीत. म्हणून तोच मंडालेला गेला, तिथलं सगळं उरकलं आणि तिच्या चपला घेऊन परत आला. त्या त्याने दाराशी, नेहमीच्या जागी ठेवल्या.

सातव्या दिवशी घरी पाच भिक्खू जेवायला आले. गावही जेवलं. शेवटी पुण्य वाटायची वेळ आली. घरधन्याने गडूतलं पाणी थेंब थेंब वाडग्यात सोडायचं आणि तीनदा मोठ्याने हाक द्यायची, "वाटा घ्या." जमलेल्यांनी 'साधू, साधू, साधू', म्हणजे 'भलं झालं', म्हणायचं. गेलेलं माणूसही ऐकत असतं. त्यानेही साधू म्हटलं की त्याला वाटा पोचतो आणि ते पुढच्या वाटेला लागतं.

पो ल्विनने पाणी सोडलं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. गडू रिकामा झाला तरी निघाला नाही. शेवटी दॉ म्याने मागून हाक दिली आणि लोकांनी साधू म्हटलं.

माणसं पांगल्यावर तो विहारातल्या म्हाताऱ्या भंतेंपुढे जाऊन बसला.

"भंते, हाक दॉ म्याने दिली. मा यिनला वाटा पोचला का?"

"तू का नाही दिलीस?"

"वाढताना मनात आनंद नव्हता. राग होता. ती नाही आणि हे सगळे जेवतायत, म्हणून राग. तुमच्यावरसुद्धा."

"कालवण मी दोनदा घेतलं," भंते म्हणाले. "तेव्हा जास्तच आला असेल."

"हो, आला."

भंते हसले नाहीत. "देण्याआधी आनंद, देताना आनंद, दिल्यावर आनंद. तिन्हीतला एक तरी असू दे. मग दे हाक. खोटी देऊ नकोस तिला."

"आणि आलाच नाही तर?"

"तिला कसा यायचा ते आठव."

तिला कसा यायचा ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या चिंचेखाली तिची पाणपोई होती. लाकडी घडवंचीवर तीन माठ, झाकणावर करवंटीचा पेला, शेजारी गुळाचे खडे. रोज पहाटे तळ्यावरून कावडीने पाणी आणून ती माठ भरायची. मग त्यांच्या ताडगूळ कढवायच्या झोपडीमागे उभी राहून कोण पितं ते चोरून बघायची. जेवताना हमखास सांगायची.

"आज एक गाडीवाला चार करवंट्या प्यायला. चार! चौथी नुसती मजेखातर."

"पाणीच तर आहे," पो ल्विन म्हणायचा.

"तुमची तहान ताडावरच भागते. तुम्हाला काय कळणार!"

ती मंडालेला गेल्यापासून माठांकडे कुणी पाहिलं नव्हतं. दोन तडकले होते. पो ल्विनने ठरवलं, तिच्या नावाने पक्कंच काहीतरी करायचं. त्याने गवंडी लावून चिंचेच्या बाजूला उघड्यावर सिमेंटची टाकी बांधली, स्टीलचा नळ बसवला आणि वर लाल अक्षरांत, नावांना मानाचे दॉ आणि ऊ लावून, लिहवून घेतलं: 'दिवंगत दॉ यिन हिच्या पुण्यासाठी, पती ऊ पो ल्विन.' विहारातल्या बाकांवर अशीच नावं असतात.

दॉ म्या बघायला आली.

"अक्षर छान आलंय, भाऊ."

"आणि टाकी?"

"टाकीत अंडी उकडतील."

त्याला राग आला. पण झोपडीमागे उभं राहून त्यानेही बघितलं. आठ दिवस बघितलं. लोक थांबत, नाव वाचत, हातपाय धूत आणि पुढे जात. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई आली. तिने चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"अगं बाई, पाणी आहे की चहा? इथली ती माठवाली कुठे गेली?"

तिला वाचता येत नसावं. पो ल्विन पुढे झाला.

"ती नसते आता."

"गावाला गेली का?"

"हो," तो म्हणाला.

"आली की सांगा तिला. म्हणावं, भाजीवाली तहानलेली गेली."

दुसऱ्या दिवशी तो कुंभाराकडून दोन माठ घेऊन आला. तिसरा, तिचा, न तडकलेला होता. तो त्याने राख लावून घासला. तिन्ही माठ घडवंचीवर मांडले आणि झाडावर जायच्या आधी कावड खांद्यावर घेतली. तीस वर्षं चढण्या-उतरण्यात गेलेला माणूस, कावड पेलायची त्याला सवय नव्हती. पाणी निम्मं वाटेतच सांडायचं. तळ्यावरच्या बाया हसायच्या. "ऊ पो ल्विन, रस्ता शिंपताय का?" खांद्याची सालपटं निघाली. झोपडीमागे मात्र तो रोज उभा राहायचा. आनंद असा काही येत नव्हता. खांदा तेवढा ठणकायचा.

नवे माठ चांगले पाझरायला लागले त्या दिवशी भाजीवाली पुन्हा आली. पाटी उतरवली. एक करवंटी प्यायली, दुसरी प्यायली. तिसरीला मध्येच थांबून तिने श्वास घेतला आणि उरलेलं संपवलं. चौथी अर्धी प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली आणि रस्त्यात एकटीच खुदकन हसली.

झोपडीमागे पो ल्विनही हसला. चांगला मोठ्याने हसला. आणि तसाच झपाझप घराकडे निघाला. सांगायचं होतं. अंगणात पाय टाकतानाच त्याने सुरुवात केली, "अगं, आज चार करवंट्या—"

दाराशी चपला होत्या. दार बाहेरून लावलेलं होतं, सकाळी त्यानेच लावलं होतं तसं.

हसू आलं होतं ते गेलं नव्हतं. ते गेलं असतं तर बरं झालं असतं.

मग घरातून गडू घेऊन तो चिंचेखाली परत आला. माठातलं पाणी त्यात भरलं आणि जमिनीवर बसला. आता हाक देता आली असती, हे त्याला समजत होतं. हाक खरी असती. ती साधू म्हणाली असती. आणि साधू म्हणून पुढे निघून गेली असती.

त्याने गडू दोन्ही हातांत धरून ठेवला. रस्त्याने सायकलवरून एक माणूस आला, घामाघूम झालेला.

"काका, पाणी मिळेल?"

पो ल्विनने गडू त्याच्या हातात दिला.

माठ आता रोज भरतात. टाकीतलं पाणी बैल पितात. मा यिनच्या वाट्याची हाक पो ल्विनने अजून दिलेली नाही.