पापलेटचा बर्फ आणि नागोरावाचं काळं पाणी

मुरबे गावच्या किनाऱ्यावर त्या सकाळी वाळू दिसत नव्हती, माणसंच माणसं. होड्या वर ओढलेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या उघड्याबोडक्या. बोंबलाने दीड महिना पाठ फिरवली होती, आणि आठ दिवसांपूर्वी कुठूनसा उगवलेला नागोरावबाबा सांगत होता, गावात भुताळीण आहे.

"समुद्र रुसला नाय, विटाळलाय!" बाबाचा आवाज गर्दीवरून घुमला. "माझं पाणी बोलेल. पापिणीपुढं काळं, पुण्यवंतीपुढं निर्मळ!"

काल दोघी सुटल्या होत्या. आज पाळी हिराची. एकवीस वेळा मंत्र म्हणायचा. तो संपायच्या आत पेला काळा झाला, तर दिवस मावळायच्या आत तिने खाडीपलीकडे जायचं. परत पाऊल टाकलं तर दगड. होड्यांचा म्होरक्या जानू तांडेल तिला हाकलायला काठी टेकून उभाच होता.

हिरा वाळूवर बसली. नवरा बुडाला त्या पहाटे ती त्याच्याशी भांडली होती, ‘जा, परत येऊ नको’ म्हणाली होती. तेव्हापासून ती स्वतःलाच घाबरायची. आपल्या नकळत आपल्यात काही असेल तर? पाणी खरंच बोललं तर?

पेल्यात एक नितळ पाणी होतंच. दुसरं ओतायला बाबाने उन्हात ठेवलेला पितळी तांब्या उचलला.

"थांबा बाबा!"

वत्सला पुढे आली. गावचीच लेक, पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. "काल दोघींना सावलीतल्या मडक्यातलं पाणी दिलंत. हिरावहिनीला तांब्यातलं का?"

"तांब्यात गंगा हाय!"

"आणि मडक्यात?"

"मडक्यात... यमुना!"

"मंग आमची खाडी कुठं ठेवलीस रे बाबा?" बोंबील वाळवणारी ठकी मागून ओरडली. बायका फिसकन हसल्या. बाबाचे डोळे मात्र हसले नाहीत.

वत्सला म्हाताऱ्या महादू पाटलाकडे वळली. "काका, पाणी माणूस ओळखत असेल, तर ऊन काय नि गारवा काय! पापलेटच्या पेटीतला बर्फ द्या. वहिनीचा पेला बर्फात ठेवू. दुसरा बाबांच्या पुढ्यात, त्याच तांब्यातला."

"वच्छे, तू शिकलेली हायस, पन देवाच्या कामात..."

"देवाला बर्फाची भीती वाटते का काका?"

महादूने मान हलवली. बर्फ आला. हिराची दोन्ही पाणी चांगली गार करून मग एकत्र ओतली, पेला बर्फात रोवला. बाबाच्या पेल्यातल्या तशाच नितळ पाण्यात तांब्यातलं उन्हाने तापलेलं पाणी पडलं.

"सातव्या लाटेवरली आई, खरं दाव, खोटं खाई..."

बाबा मंत्र म्हणायला तयार होईना, मग गावानेच तो धरला. एक. दोन. हिराची नजर पेल्याला खिळली होती. पाच. सहा. सातव्याला कुणीतरी किंचाळलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाबाचा पेला शाईसारखा काळा!

गर्दी मागे सरली. बाबा उठू लागला, जानूने काठी आडवी धरली. "बस! तुजा मंत्र अजून संपला नाय."

बारा. अठरा. हिराचा पेला स्वच्छ. एकोणीस. वीस. एकवीस. स्वच्छ!

आणि मग, सगळे निर्धास्त झाले असताना, तोही काळा पडला.

हिराच्या तोंडून हुंदका फुटला. "म्हंजे हायच मी..."

"नाही वहिनी!" वत्सलाने तिचे हात धरले. "तो काळा होणारच होता. कालचे पेले ह्याने मंत्र संपताच वाळूत ओतले. दम धरला असता तर तेही काळे झाले असते. मला त्या पाण्याला दवाखान्याचा वास आला, म्हणून काल घरी करून पाहिलं. एका पाण्यात जखमेवरचं टिंक्चर आयोडीन नि विटामिन सीची गोळी, दुसऱ्यात जखम धुवायचं पेरॉक्साइड आणि भाताची पेज. पेरॉक्साइड सावकाश आयोडीन मोकळं करतं, गोळी ते लगेच गिळते. गोळी संपली की आयोडीन पेजेला भिडतं नि क्षणात काळं."

"मंग येळ कोन ठरवतो?" जानूने विचारलं.

"टोपल्या आणायला दहा जणी, वलांडीवर टांगायला दहा जणी, पण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी लावणारी एकटीच. वलांडी कधी भरेल?"

"तिचा हात चालंल तशी," ठकी म्हणाली.

"तसंच हे. सगळ्यात सावकाश काम पेरॉक्साइडचं. उन्हाने त्याचा हात भराभर चालला, बर्फाने आखडला. बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी वेळ तेच ठरवतं. बाबाला ते ठाऊक होतं. कुणाला बुडवायचं, हे तो तांब्या उचलतानाच ठरवायचा."

बाबाच्या झोळीतून बाटल्या निघाल्या. जानूची काठी खाली आली. "पन मासा का नाय, वच्छे?"

"ते मलाही ठाऊक नाही, दादा. शोधू या. पण ठाऊक नाही म्हणून एका बाईला खाडीपार घालवायचं?"

जानू हिराकडे बघू शकला नाही. कुणीच बघू शकलं नाही. मग तीच उठली, पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"माज्यात काय नव्हतं. पन मीच मला भुताळीण मानून बसलेले. बायांनो, उद्या कोनी कुनाकडं बोट केलं, तर त्याला सांगा, पुन्यांदा करून दाव. आमच्या पान्यानं, आमच्या भांड्यात, आमी सांगू तसं. तवर कुनाच्या दाराशी काठी घेऊन जाऊ नका."